गळ टाकून बसल्यावर कुणी अडवलं, सामान तोडलं, तर काय करायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गळवाल्यांसाठी)

पाऊस ओसरला, नदीचं पाणी निवळलं की मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, सगळ्या काठांवर रविवारी गळवाले दिसायला लागतात, आणि दसरा झाला की माझ्याकडं दरवर्षी तेच फोन सुरू, दादा आम्ही बसलो होतो, दोघं तिघं आले, काठी हिसकावली, तंगूस (गळाची दोरी) तोडला, हितनं उठा म्हणाले, आता हे कुठल्या कलमात बसतंय सांगा. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, पण स्वतःच्या प्रकरणात ठाणं आणि कोर्ट दोन्हीकडं भरपूर हेलपाटे घातलेत आणि वकिलासमोर बसून एकेक कलम समजून घेतलंय.

आधी एक गैरसमज काढून टाका. "मासे धरणाऱ्याला त्रास दिला तर इतका दंड" असे मेसेज फिरतात ते आपल्या देशातले नाहीत, ते अमेरिकेतले. तिकडं राज्याराज्यात तसे कायदे आहेत, शिवाय केंद्राचा १९९४ चा एक कायदा आहे, केंद्र सरकारच्या जमिनीवर कुणी कायद्यानं शिकार किंवा मासेमारी करत असेल आणि दुसऱ्यानं मुद्दाम अडथळा आणला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, मारहाण किंवा धमकी असेल तर १०,००० डॉलरपर्यंत. आपल्याकडं असं एक तयार कलम नाही. तो मेसेज घेऊन तुम्ही ठाण्यात गेला तर समोरचा साहेब दोन मिनिटात परत पाठवणार आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आपल्याकडं विचार वेगळा करावा लागतो. तुमची मासेमारी अडवली हा मुद्दा बाजूला ठेवा आणि त्या माणसानं हातानं, पायानं, तोंडानं नेमकं काय केलं ते बघा. वाट अडवली का, अंगाला हात लावला का, सामान मोडलं का, काही घेऊन गेला का, धमकी दिली का. ह्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र कलम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणजे जुन्या आयपीसीचे ३४१, ३२३, ४२७ वगैरे आकडे आता तक्रारीत लिहू नका.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ही मी जरा खडसावून सांगणार आहे कारण निम्मी प्रकरणं हितंच मरतात. तुम्ही जिथं बसला होता तिथं बसायचा आणि मासे धरायचा हक्क तुम्हाला होता का?

तळी आणि धरणं बहुतेक ठिकाणी ठेक्यानं दिलेली असतात. काही मत्स्य खात्याकडनं, काही ग्रामपंचायतीकडनं, आणि ठेका बऱ्याचदा मच्छीमार सोसायटीकडं असतो. त्या लोकांनी पैसे भरून बोटुकली (माशांची पिल्लं) सोडलेली असतात, कटला, रोहू वाढवलेले असतात, त्यांचं घर त्याच्यावर चालतं. तिथं जाऊन आपण हौसेनं गळ टाकायचा आणि ठेकेदारानं उठवलं की "मला अडवलं" म्हणायचं, हे बरोबर नाही आणि कायद्यातही टिकत नाही. उलट बांधलेल्या तळ्यातला, कुणीतरी पाळलेला मासा धरला तर चोरीचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. वाहत्या नदीतला मासा कुणाच्या मालकीचा नसतो, धरल्यावर तो धरणाऱ्याच्या ताब्यात येतो, पण नदीच्या सुद्धा काही पट्ट्यांचा मासेमारीचा हक्क दिलेला असू शकतो. त्यामुळं आधी विचारा. तळं असेल तर पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना), मोठं पाणी असेल तर तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसात, परवाना लागतो का, कितीचा, पावती कोण देणार. कर्नाटकात १९९६ चा अंतर्देशीय मत्स्य कायदा आहे आणि परवान्याचा कारभार त्याच्यात येतो. निपाणी, सदलगा भागातल्या पोरांनी लक्षात ठेवा, महाराष्ट्राचा मत्स्य कायदा वेगळा आहे, १९६० चा, आणि कागलकडच्या पाण्यासाठी घेतलेला परवाना आपल्या हद्दीत चालत नाही. वर तीच नदी खाली पण तीच नदी हे खरं, पण कागद हद्दीवर बदलतो.

जंगलाच्या बाबतीत तर अजिबात धाडस करू नका. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, गोकाककडं धूपदाळच्या बंधाऱ्याजवळ घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मासे धरले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काही गुन्ह्यांना त्याहून जास्त. तिथं फॉरेस्टच्या गार्डनं उठवलं तर तो त्याचं काम करतोय, त्याच्याशी हुज्जत घातली तर सरकारी कामात अडथळा म्हणून तुमच्यावरच कलम लागतं. राकसकोपसारखं शहराच्या पिण्याचं पाणी असलेलं ठिकाण पण सोडा, विचारल्याशिवाय बसू नका. आणि पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे वर येतात तो विणीचा काळ, पोटात गाभोळी असलेली मादी धरायची म्हणजे पुढच्या वर्षीचं पाणी आपल्याच हातानं रिकामं करायचं, तेव्हा बंदी कधीपासून कधीपर्यंत हे खात्यात विचारूनच घ्या.

आता रान. आपल्याकडं नदीला जायची वाट बहुतेक उसाच्या फडातनं, कुणाच्या तरी बांधावरनं जाते. ही वाट सरकारी पाणंद आहे की मालकाच्या रानातली हे आधी बघा. न्याय संहितेच्या कलम १२६ ला एक अपवाद आहे, खाजगी वाट अडवायचा आपल्याला हक्क आहे असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतंय त्यानं ती अडवली तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे मालकानं "माझ्या बांधावरनं जायचं नाही" म्हटलं तर पोलिसात जाऊन उपयोग नाही. पाया पडून नको, पण नीट बोलून बघा, काका जाऊ का, ऊस मोडणार नाही, प्लास्टिक टाकणार नाही. मी वीस वर्षं ज्या काठावर बसतोय तिथल्या काकांनी मला वाट दिली ती एवढ्या बोलण्यावरच, आणि त्यांच्या रानात कधी बिडीचं थोटूक सुद्धा पडू दिलं नाही.

हे सगळं ठीक असेल, परवाना किंवा परवानगी हातात असेल, जागा सार्वजनिक असेल, आणि तरी कुणी येऊन दांडगाई केली, तर पुढचं वाचा.

कलम १२६, वाट अडवणं. तुम्हाला ज्या दिशेनं जायचा हक्क आहे तिकडं जाऊ दिलं नाही, घाटाच्या तोंडाला गाडी आडवी लावली, चौघं मिळून पुढं उभे राहिले. शिक्षा महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं "हितनं उठा, मासे धरू नका" असं बोलणं ह्यात बसत नाही, हे नीट समजून घ्या. मोटरच्या खोपीत कोंडून ठेवलं, चारी बाजूनं घेरून हलूच दिलं नाही, तर ते कलम १२७, वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षा बघून १२६ लहान वाटतं. पण माझ्या मते तुमच्या तक्रारीत सगळ्यात कामाचं हेच, आणि का ते सांगतो. गुन्हे दोन प्रकारचे, दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, आणि अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. चापट मारली, काठी मोडली, शिव्या दिल्या, ह्यातलं बरंचसं अदखलपात्र असतं, तिथं एन्सीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात देतात आणि प्रकरण थंड होतं. वाट अडवणं मात्र दखलपात्र आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला, तपास आणि कोर्टाची पद्धत सांगणारा कायदा) कलम १७४ मध्ये सांगितलंय की एका प्रकरणात चार गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून खरोखर वाट अडवली असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कुठं अडवली, कुणी, किती वेळ. लोक रागाच्या भरात शिव्यांपासून सुरू करतात आणि हे राहूनच जातं. अडवली नसेल तर मात्र घुसडू नका, खोटी माहिती दिली तर कलम २१७ खाली वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड तुम्हालाच होऊ शकतो.

मारहाणीला कलम ११५, वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कोयता, विळा असं हत्यार वापरून जखम केली तर ११८, तीन वर्षांपर्यंत किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती धक्काबुक्की, कॉलर धरणं, जखम नाही, तर १३१, तीन महिन्यांपर्यंत किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सामान मोडलं तर ३२४. काठी मोडणं, रील दगडावर आपटणं, ट्यूबमधली हवा सोडून ती फाडणं, सगळं ह्यात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण नुकसान २०,००० किंवा त्याच्या वर असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख किंवा त्याच्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. आजकाल पोरं महागाच्या रील घेतात, दोन काठ्या दोन रील धरल्या की २०,००० चा आकडा सहज जातो, म्हणून दुकानाची बिलं टाकून देऊ नका, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

काहीतरी घेऊन गेला तर चोरी, ३०३, तीन वर्षांपर्यंत. धरलेला मासा पण तुमच्या ताब्यातली वस्तूच आहे, पिशवीतली मरळ उचलून नेली तर ती चोरीच. माल ५,००० च्या आतला असेल, पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि माल परत दिला तर समाजसेवेची शिक्षा होते. मारून, चाकू दाखवून नेलं तर ती जबरी चोरी, कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि ठेका नाही काही नाही, आणि "पाचशे द्या नाहीतर हात मोडतो" म्हणून पैसे काढले तर ती खंडणी, ३०८, सात वर्षांपर्यंत. खऱ्या ठेकेदाराकडं कागद असतो आणि तो पावती देतो, शांतपणे मागा, दाखवली तर पैसे द्या किंवा उठा. मी फिशरीचा माणूस, मी फॉरेस्टचा माणूस असं खोटं सांगून दम देणाऱ्याला कलम २०४ आहे, कमीत कमी सहा महिने आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वर दंड.

धमकीला ३५१, दोन वर्षांपर्यंत, जिवे मारायची किंवा हातपाय मोडायची असेल तर सात वर्षांपर्यंत. तक्रारीत "धमकी दिली" एवढं लिहून चालत नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे पायजेत, कानडीत बोलला असेल तर कानडीतच.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतोय कारण ती आपल्या गावागावात अजून घडते. अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला नदी, ओढा, तळं, घाट किंवा तिकडं जायचा रस्ता इतरांच्या बरोबरीनं वापरू दिला नाही, तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड आहे. "बाकीचे बसू देत, तू उठ" असं झालं असेल तर ते साधं भांडण म्हणून लिहून घेऊ देऊ नका. तिथं बाकीचे बसलेले गळवाले साक्षीला उभे राहिले पायजेत, आपण मान खाली घालून गळाकडं बघत बसलो तर त्या माणसानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

दगड मारून मासे पळवणं, मुद्दाम पाण्यात उड्या मारणं, मोठ्यानं गाणी लावणं, ह्याला कलम शोधत बसू नका. न सापडलेला मासा तुमची मालमत्ता नाही. जागा बदला, दिवस वाया घालवू नका.

पण कुणी वरच्या डोहात सुरुंग लावला, विष टाकलं, करंट सोडला, तर तिथं गप्प बसायचं नाही. एका जिलेटिनच्या कांडीनं डोहातला बारका जीव सुद्धा राहत नाही. १८९७ च्या जुन्या मत्स्य कायद्यातच सुरुंग आणि विष गुन्हा ठरवलाय, तेव्हाची शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, त्यामुळं लोकांना वाटतं ह्याला काही होत नाही. होतं. संशयास्पद रीतीनं स्फोटकं बाळगली एवढ्यावर १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सार्वजनिक तळ्याचं पाणी नासवलं तर न्याय संहितेचं २७९, सहा महिन्यांपर्यंत किंवा ५,००० पर्यंत दंड. जवळ जाऊ नका, लांबनं व्हिडिओ काढा आणि ११२ लावा.

आता काठावर प्रत्यक्ष काय करायचं. गळ वर घ्या, हुक झाकून ठेवा, हातातला चाकू खाली ठेवा, हे पहिलं. रागात हातात चाकू राहिला तर उद्या तुमच्याच विरुद्ध ११८ लिहिलं जाईल. बरोबरचा एकजण फोन चालू करून मागं उभा राहू दे, चेहरे, गाडीचा नंबर, मोडलेलं सामान, आणि जागा कळेल असं काहीतरी, देऊळ, पूल, मोटर. तो व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्या फोनवरनं डिलीट करू नका, फॉरवर्ड केलेली कॉपी कोर्टात नुसती चालत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, मूळ फोन शाबूत असला की ते सोपं जातं. स्वतःच्या अंगाचा, मालाचा बचाव करायचा हक्क कायद्यानं दिलाय, पण गरजेपुरताच, तो निघून चालला असताना मागं धावत जाऊन मारलं तर तो बचाव राहत नाही. लागलं असेल तर ठाण्यात जायच्या आधी किंवा लगेच नंतर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि मारहाणीचं आहे म्हणून नोंद करायला लावा, घरी हळद लावून दुसऱ्या दिवशी गेलात तर जखम कुठली हे सिद्ध करता येत नाही.

ठाण्यातली गोष्ट मी माझ्या अनुभवानं सांगतो. २०२४ च्या डिसेंबरात घटप्रभेच्या काठावर मी आणि माझा आतेभाऊ बसलो होतो, पावती खिशात होती. तिघं आले, वाट अडवली, आतेभावाच्या दंडावर काठी मारली, माझी साडेसहा हजारांची काठी रीलसकट मोडली. ठाण्यात मी सगळं मराठीत सांगितलं, समोरच्यानं कानडीत लिहून घेतलं, मला कानडी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि थंडीत रात्रीचे नऊ वाजलेले, सही करून घरी आलो. दोन आठवड्यांनी वकिलानं कागद वाचला तर त्यात "मासे धरण्यावरून वाद झाला" एवढंच. काठी नाही, वाट अडवलेली नाही, दंडावरचा मार नाही. मग एसपींकडं अर्ज, पुरवणी जबाब, आणि तोपर्यंत ते तिघं "आम्ही तिथं नव्हतोच" म्हणायला लागले.

म्हणून सांगतो, सहीच्या आधी कागद वाचून दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन देणाऱ्याला वाचून दाखवायची. नम्रपणे म्हणा, साहेब्रे, ओदि हेळ्री (साहेब, वाचून सांगा). त्याहून बरं म्हणजे घरातनंच मराठीत तक्रार लिहून न्या, दोन प्रती, आणि एकीवर पोच घ्या. कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा वापरता येते, राज्यघटनेचं कलम ३५० तेच सांगतं, आणि हे भांडायला नाही तर आधाराला लक्षात ठेवा, कारण ठाण्यातला माणूस कानडी असतो म्हणून वाईट असतो असं अजिबात नाही, माझा पुरवणी जबाब शब्द न शब्द नीट लिहून घेणारा हवालदार कानडीच होता. शेजारी दोन्ही भाषा वाचणारा कुणी असेल तर बरोबर न्या.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, हे महाराष्ट्रात येतं, हे त्या ठाण्यात येतं, तर झिरो एफआयआर मागा, गुन्हा कुठंही घडलेला असू दे, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नंतर तिकडं पाठवतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर बेळगाव शहरात पोलीस कमिशनर, बाकी जिल्ह्यात एसपी, त्यांना लेखी पाठवा, आणि तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, तारीख लिहून ठेवा आणि विचारा. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ह्या नंबरवर कायदा सेवा प्राधिकरणाला फोन करा, बायका, अनुसूचित जाती जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील फुकट मिळतो.

मुदत पण बघा. वाट अडवणं, साधी मारहाण, ज्याला वर्षापर्यंतच शिक्षा आहे त्या गुन्ह्याची दखल कोर्ट एका वर्षाच्या आत घेतं, नंतर नाही. पुढच्या दिवाळीला बघू म्हणत बसला तर गेलं.

आणि तडजोड. वाट अडवणं, साधी मारहाण ह्या गुन्ह्यात तडजोड करता येते, आणि गावात राहायचं, त्याच काठावर परत बसायचं असेल तर मी ती करा असंच म्हणेन, पण कागदावर. मोडलेल्या सामानाची भरपाई किती आणि कधी, तुम्ही कुठल्या जागेवर बसणार, ठेक्याचं पाणी कुठून सुरू होतं, हे दोघांनाही समजेल असं मराठी आणि कानडी दोन्हीत लिहा, पंचांच्या सह्या घ्या, आणि प्रकरण कोर्टात असेल तर तो कागद वकिलाकडनं कोर्टासमोर ठेवा. आम्ही तसंच केलं. काठीचे पैसे दोन हप्त्यात आले आणि त्या तिघांतला एकजण आता वरच्या बंधाऱ्याचं पाणी कधी सोडणार ते मला आदल्या दिवशी फोन करून सांगतो.